ताईचा स्कोअर आणि माझा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. माझा रंग मुळात पांढरा होता, आता तो रद्दीत पडलेल्या वर्तमानपत्रासारखा पिवळट झाला आहे. झाकणाची डावी बिजागरी सैल आहे आणि थंडीच्या दिवसांत पहिली प्रत काढायला मी जरा वेळ घेते. तुम्हीही कधी ना कधी माझ्यासारख्या एखादीच्या काचेवर आपला दाखला पालथा घातला असेल आणि तिच्याकडे न बघताच सुटे पैसे मोजले असतील. त्याचा मला राग नाही. मला हेवा वाटत आला तो वेगळ्याच गोष्टींचा. त्याचीच ही हकिकत आहे. ती सांगताना मी काही फार चांगली दिसणार नाही. पण समोर येईल ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढं एकच काम मला येतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आईवडील म्हणाल तर निळे डगले घातलेली पन्नास-साठ माणसं. कुणी माझे रोलर बसवले, कुणी काच पुसून लावली, कुणी शेवटी एक कोरा कागद आत सरकवून पाहिला. तो कोरा कागद डागाशिवाय बाहेर आला, तेव्हा त्या माणसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका विमा कचेरीत गेले. तिसरा मजला, बारा टेबलं, एक मोठी खिडकी. सहा वर्षं मी तिथे राणीसारखी राहिले. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत आणि मिनिटाला तीस प्रती निघतात म्हणून सांगत. सातव्या वर्षी माझ्या निम्म्या आकाराची एक मशीन आली आणि मला हात धुण्याच्या बेसिनजवळ नेऊन ठेवलं. कुणीतरी माझ्या झाकणावर कुंडी ठेवली. झाडाला पाणी घातलं की ते माझ्या अंगावरून ओघळे. समोर ती ठेंगणी मशीन दिवसभर कागद गिळत असायची आणि मी नुसती बघत असायचे. हेवा म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

त्या कचेरीत एक टायपिस्ट होती. कचेरीने माणसं कमी केली तेव्हा तिचंही नाव यादीत आलं. निघताना जी रक्कम हातात पडली, तिच्यातून तिने मला भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त देऊन विकत घेतलं. हमाल मला जिन्यावरून उतरवत होते तेव्हा ती सारखी म्हणत होती, सावकाश, आत काच आहे. माझ्या आत काच आहे, हे तोवर कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

तिने एक गाळा भाड्याने घेतला होता. दोन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढाच तो. पण जागा मोक्याची होती. रस्त्याच्या एका टोकाला नोंदणी कचेरी आणि दुसऱ्या टोकाला कॉलेज. दोन्हीकडच्या माणसांना प्रत्येक कागदाच्या तीन तीन प्रती लागत. गिऱ्हाईकं तिला ताई म्हणू लागली, म्हणून मीही ताईच म्हणते. ती रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायची. कागद अडकला तर ओढाताण न करता बाजूचं दार उघडून, दोन बोटांनी, मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा काढायची. मला वाटलं, आता या बाईच्या आयुष्यात माझ्याइतकं जवळचं दुसरं कुणी नसणार.

तसं नव्हतं. तिला एक भाऊ होता.

तो तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता आणि आई सतत आजारी. ताईनेच त्याला वाढवलं. ती त्याला धाकटा म्हणायची आणि तो तिशीला आला तरी तो धाकटाच राहिला. दुकानात आला की माझ्यावर कोपर टेकून उभा राहायचा, झाकण आपटायचा, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर चहाचा पेला ठेवायचा. त्या ओल्या कागदामुळे मी अडखळले, की ताई मलाच बोलायची. त्याला मात्र विचारायची, जेवलास का. मित्रांनो, त्याचा मला इतका मत्सर वाटायचा की तो दारात दिसला की माझा पंखा आपोआप जोरात फिरू लागे.

एके दिवशी हा धाकटा टेम्पो घ्यायला निघाला. मालवाहतुकीचा धंदा करणार होता. कर्ज देणाऱ्यांनी जामीन मागितला. ताईने त्याच दुपारी, गिऱ्हाईकं थांबलेली असताना, काउंटरवर वाकून दहा पानांवर सह्या केल्या आणि ती पानं माझ्या काचेवर ठेवली. ती सगळी मी उतरवली. पाचव्या पानावर लिहिलं होतं की कर्जदाराने हप्ता भरला नाही, तर तो जामीनदाराचाही कसूर धरला जाईल. मी ते वाचलं. ताईने वाचलं नाही. तिची नजर पूर्ण वेळ धाकट्याच्या चेहऱ्यावर होती. सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं का? खरं म्हणजे मला नाही वाटत. मी तेव्हा एवढाच विचार करत होते की माझा रोलर बदलायला हिच्याकडे पैसे नसतात.

पुढची तीन वर्षं बरी गेली. ताईच्या गाळ्याला लागून पेन-वह्यांचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईला सगळा रस्ता पेनवाली म्हणायचा. दोघींच्या मध्ये एक भिंत होती आणि चहाचा थर्मास एकच होता. दुपारी गर्दी ओसरली की कधी ही तिकडे जाई, कधी ती इकडे येई. माझ्या झाकणावर ताट ठेवून दोघींनी कितीतरी वेळा डबे खाल्ले. कुंडीपेक्षा ते मला बरं वाटे.

मग एका सकाळी पेनवालीच्या दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून एक मोठं खोकं उतरलं. खोक्यावर चित्र होतं. रंगीत प्रती काढणारी, कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापणारी, फोनवरून आलेला मजकूरही छापणारी नवी मशीन. कॉलेजने सांगून ठेवलं होतं की विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल रंगीत काढून बांधून देईल त्याला वर्षाचं काम मिळेल. पेनवालीने पर्सनल लोन काढलं होतं. अर्ज केल्यावर दोन दिवसांत पैसे जमा झाले, असं तीच हसत हसत सांगत आली. ताईनेही हसून अभिनंदन केलं. ती गेल्यावर मात्र ताईने थर्मासचं झाकण इतकं घट्ट लावलं की संध्याकाळी ते तिला स्वतःलाच उघडेना.

त्या दिवसापासून थर्मास भिंतीपलीकडे गेला नाही.

मला त्या नव्या मशीनचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज यायचा. माझा आवाज म्हणजे दमेकऱ्याचा श्वास. तिचा आवाज म्हणजे कुणी रेशमी कापड उलगडावं तसा. सकाळपासून भिंतीपलीकडे ते उलगडणं चालू असे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. कॉलेजचं काम तिकडे गेलं. मग नोंदणी कचेरीची गिऱ्हाईकंही दोनदोन, तीनतीन करून तिकडे वळू लागली. मुलं आमच्या पायरीवरून पुढे जायची. ताई वर बघायची नाही, पण त्यांच्या चपला मोजायची.

मित्रांनो, त्या काळात एकाच खोलीत आम्ही दोघी जळत होतो. ताई पेनवालीवर, मी तिच्या मशीनवर. एवढं साम्य असूनही आम्ही एकमेकींच्या जवळ आलो नाही. उलट ताई माझ्याकडे अशा नजरेने बघू लागली की ती नजर मी विमा कचेरीत पाहिलेली होती.

शेवटी तिनेही कर्ज काढायचं ठरवलं. मी जिचा इतका द्वेष करत होते, तशीच एक मशीन माझ्या जागी आणायची होती. आणि त्यासाठीच्या कागदांच्या प्रती मीच काढायच्या होत्या. ओळखपत्र, भाडेकरार, सहा महिन्यांचं बँकेचं खातं, दुकानाचा परवाना. माझ्या काचेवर ते कागद येत गेले. एका पानावर ताईच्या नावाच्या मधोमध काळी रेघ उमटली. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण मला वाईटही वाटलं नाही. तिने काच पुसून पुन्हा प्रत काढली.

आठ दिवसांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीत होतं, क्रेडिट स्कोअर अपुरा. ताईला ते पटेना. आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत, दुकानाचं भाडं एक दिवस चुकवलं नाही, मग माझ्यावर अविश्वास कसा, असं ती पायरीवर उभ्या असलेल्या पोस्टमनला विचारत होती. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. तिने दुसरीकडे अर्ज केला. तिथूनही नकार आला. मग इरेला पेटून तिने एकाच आठवड्यात आणखी तीन ठिकाणी अर्ज केले. दर वेळी तेच कागद, तीच काच. पाचही जणांनी नाही म्हटलं.

मला आनंद झाला. लपवण्यात काही अर्थ नाही, आनंद झाला. पत्रागणिक माझी जागा पक्की होत होती. पाचवं पत्र आलं त्या दुपारी ताईने दुकानाचा पडदा अर्धा ओढला आणि माझ्या झाकणावर कपाळ टेकवून बराच वेळ उभी राहिली. मी नुकत्याच वीस प्रती काढल्या होत्या, म्हणून माझं अंग उबदार होतं. ती ऊब तिला मिळाली असेल. पण त्याच वेळी आत मी खूश होते, हे आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. भिंतीपलीकडचं रेशीम अचानक थांबलं. मग खटखट, मग काहीच नाही. दहा मिनिटांनी पेनवाली आमच्या दारात उभी होती. हातात कागदांची चळत, केस विस्कटलेले. मुलांना संध्याकाळी नोट्स द्यायच्या होत्या, अठरा पानांचे चाळीस संच. तिची मशीन बंद पडली होती आणि दुरुस्ती करणारा दुसऱ्या दिवशी येणार होता.

ताई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही सरळ नाही म्हणेल. पण ताईने कागद घेतले आणि पहिलं पान माझ्या काचेवर ठेवलं.

सातशेवीस प्रती, मित्रांनो. त्या दिवशी मी एकदाही अडखळले नाही. एक कागद तिरका गेला नाही. पेनवालीने मला ऐकू जाईल असं म्हटलं की जुन्याचं काम जुनंच करू जाणे. मी फुगले. त्या नव्या मशीनला भिंतीतून हे ऐकू जावं, म्हणून मी माझा जुना आवाज आणखी मोठा केला.

पण अठरा पानांचे चाळीस संच व्हायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ दोन बायका एका गाळ्यात किती गप्प राहणार? पेनवाली निघालेल्या प्रती जुळवत बसली होती. काउंटरच्या कडेला ती पाच पत्रं पडली होती. वरच्या पत्रावर तिची नजर गेली.

"पाच ठिकाणी अर्ज केलेस?" तिने विचारलं.

"तुला दोन दिवसांत मिळालं," ताई म्हणाली. "मला काय धाड भरली आहे, तेच कळत नाही."

"मलाही पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वी. मी कुणाला सांगितलं नाही इतकंच."

ताईचा हात पानावरच थांबला.

मग पेनवालीने सांगितलं ते मी अक्षर न् अक्षर ऐकलं. पैसे देणारी माणसं आपल्याला ओळखत नाहीत. आपण भाडं वेळेवर देतो, कुणाला फसवत नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्यापुढे फक्त एक अहवाल असतो. आजवर आपण कुठून कर्ज घेतलं, कार्ड किती वापरलं, कुठला हप्ता कधी भरला, सगळं त्यात असतं. त्यावरून तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा काढतात. तोच हा स्कोअर. आपला अहवाल आपल्यालाही मागवता येतो आणि आपण स्वतः पाहिला म्हणून आकडा उतरत नाही. पण कर्जासाठी अर्ज केला की ज्याच्याकडे केला तो अहवाल मागवतो, त्याची नोंद होते. थोड्या दिवसांत अशा पाच नोंदी झाल्या की बघणारा म्हणतो, या बाईला पैशांची फारच घाई दिसते, जपून राहिलेलं बरं.

"म्हणजे मी धावाधाव करून माझंच नुकसान केलं," ताई म्हणाली.

"मीही तेच केलं होतं," पेनवाली म्हणाली. "आधी अहवाल बघायचा, मग अर्ज. मी उलटं केलं आणि वर्ष घालवलं."

ताईने त्याच संध्याकाळी फोनवरून अहवाल मागवला आणि तो दुसऱ्या दिवशी आला. फोनवर आलेला मजकूर मला छापता येत नाही. तो त्या नव्या मशीनवर छापला गेला, दुरुस्त झाल्यावर तिचं पहिलं काम म्हणून. हे मला किती लागलं ते सांगून उपयोग नाही. पण त्याची दुसरी प्रत काढायला ताईने तो माझ्याच काचेवर ठेवला, त्यामुळे मी तो पुरता वाचला.

आकडा होता पाचशे एकसष्ट.

दोघी काउंटरवर शेजारी शेजारी बसून एकेक ओळ वाचू लागल्या. कार्डाची ओळ आली. चाळीस हजारांची मर्यादा आणि दर महिन्याला अडतीस-एकोणचाळीस हजार वापरलेले. टोनर, कागद, आईची औषधं, सगळं त्यावरच. भरणा वेळेवर होता, पण पेनवाली म्हणाली की कायम काठोकाठ वापरलंस तर हिच्या हातात कधी काही उरत नाही असं दिसतं, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत राहायला बघ. पुढची ओळ फ्रिजच्या कर्जाची. ते सहा वर्षांपूर्वी फिटलं होतं, तरी इथे चालू दाखवलं होतं. ताईने रागाने पेन उचललं. पेनवाली म्हणाली, फेडल्याचा कागद असेल तर तक्रार करता येते, दुरुस्त होतं. ताईने कागद जपून ठेवलेला होता.

मग चौथं पान. वाहनकर्ज, भूमिका जामीनदार. हप्ते थकलेले, सात.

ताईने ते पान खूप वेळ धरून ठेवलं. थकबाकीची पत्रं आली असतील तर ती जुन्या घराच्या पत्त्यावर गेली असणार. ते घर सोडून तिला दोन वर्षं झाली होती आणि फोनचा नंबरही बदलला होता. कर्ज देणाऱ्यांना ती कळवायला विसरली होती. पण ज्याला सगळं माहीत होतं, तो आठवड्यातून तीनदा या दुकानात येऊन चहा पीत होता.

धाकटा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. नेहमीसारखा माझ्यावर कोपर टेकवला. ताईने ते पान काढून त्याच्यासमोर ठेवलं. मी वाट बघत होते. आता तरी हिने याला बोलावं, इतकी वर्षं मला बोलत आली तसं. त्याने पान वाचलं आणि कोपर काढून घेतला.

एक मोठं काम हातातून गेलं होतं. पुढच्या महिन्यात भरू असं म्हणत एक हप्ता चुकला, मग दुसरा. सांगायला तो तीन वेळा आला होता, पण दर वेळी ताई आधीच कसल्या तरी काळजीत दिसली. हे सगळं तो जमिनीकडे बघत सांगत होता.

"माझी सही मागायला तू लाजला नाहीस," ताई म्हणाली. "मग चुकलं ते सांगायला का लाजलास?"

"तू मला धाकटा म्हणतेस ना," तो म्हणाला. "मला एकदा तरी तुझ्यासमोर मोठं दिसायचं होतं."

ताईने तोंड फिरवलं आणि माझा कागदांचा ट्रे उगाच बाहेर ओढून परत आत सारला. तिने त्याला जवळ घेतलं नाही, जेवलास का असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की टेम्पो विकावा लागेल.

टेम्पो विकला. कर्ज देणारे म्हणत होते, थोडी रक्कम सोडतो, तडजोड करून टाका. धाकटा लगेच तयार होता. पेनवालीने दोघांना अडवलं. तडजोड केली तर अहवालात तसंच लिहिलं जातं आणि ते वर्षानुवर्षं राहतं, पूर्ण फेडा आणि फेडल्याचा दाखला घ्या, असं तिने निक्षून सांगितलं. राहिलेली रक्कम भरायला धाकटा एका गोदामात पेट्या उचलायला लागला. आठ महिने तो दुकानात आला तो फक्त पैसे भरल्याची पावती दाखवायला. माझ्यावर टेकत नव्हता. मला ते विचित्र वाटे.

ताईने त्या वर्षात कुठेही अर्ज केला नाही. कार्ड फक्त कागद आणि टोनरसाठी वापरलं. पेनवालीच्या सांगण्यावरून तिने आणखी एक गोष्ट केली. कर्ज मिळालं असतं तर जेवढा हप्ता बसला असता, तेवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाकू लागली. झेपतंय का ते बघ, पेनवाली म्हणाली होती, नाही झेपलं तर कर्ज न मिळालेलंच बरं. पहिले दोन महिने झेपलं नाही. ताईने दुपारची विश्रांती बंद केली आणि कॉलेजच्या मुलांचे अहवाल टाइप करून द्यायला घेतले. ती टाइप करी, पेनवाली छापून बांधे. थर्मास पुन्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना फिरू लागला.

वर्षाने अहवाल मागवला. सातशे बारा. ताईने एकाच ठिकाणी अर्ज केला, आणि तोही आधी ठरवला होता त्याच्या निम्म्या रकमेचा, कारण बाकीची तिने साठवली होती. मंजुरी आली. व्याज पेनवालीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त पडलं. ताईने ते बारकाईने वाचलं आणि पेनवालीला सांगितलं की तुझा मला अजून थोडा हेवा वाटतो. पेनवाली म्हणाली, वाटू दे, पण आता विचारत जा.

आणि माझी? माझी जागा गेली.

नवी मशीन आली त्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकू येणारं रेशीम आता माझ्या पाठीशी उलगडू लागलं. ताई सकाळी तिची काच पुसायची, त्याच मऊ फडक्याने. भंगारवाला येऊन मला दोनदा बघून गेला. त्याने सांगितलेला भाव मी ऐकला.

ताईने मला त्याला दिलं नाही. तिने धाकट्याला बोलावलं. नोंदणी कचेरीच्या आवारात, जिन्याच्या शेजारी, एक टेबल मावेल एवढी जागा भाड्याने मिळत होती. तिथे साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतींनाच गिऱ्हाईक होतं. त्याच्या नावावर त्याला कुणीही कर्ज दिलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. धाकट्याला वाटलं, ताई ही जुनी मशीन त्याला अशीच देऊन टाकणार. मलाही तेच वाटलं आणि माझा पुन्हा जळफळाट झाला.

"फुकट नाही," ताई म्हणाली. "किंमत ठरवू. बारा हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला. जामीन कुणाचा नको. लिहून दे."

त्याने लिहून दिलं. खाली सही करण्याआधी त्याने तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला उचलायला हमाल आले तेव्हा तोच म्हणाला की सावकाश, आत काच आहे.

आता मी त्या जिन्याशेजारी असते. तो झाकण आपटत नाही. सकाळी काच पुसतो, ताईइतकी नीट नाही, कोपरे राहून जातात. ताईच्या दुकानातल्या त्या मशीनचा मला अजूनही हेवा वाटतो, आणि तो जाईल असं वाटत नाही. पण त्या हेव्यापायी मी एका चांगल्या बाईच्या नुकसानीवर खूश झाले होते, ते मी विसरत नाही. म्हणून, मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगते. शेजाऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटात दुखलं, तर भिंतीआड कुढत बसू नका. पलीकडे जाऊन विचारा, हे तू कसं केलंस. पैसे मागायला निघण्याआधी आपल्या नावावर जगाने काय लिहून ठेवलं आहे ते स्वतः वाचा, आणि चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्या. दुसऱ्यासाठी सही करणार असाल तर पाचवं पान वाचल्याशिवाय करू नका. आणि तुमच्यासाठी कुणी सही केली असेल, तर हप्ता चुकला त्याच दिवशी त्या माणसाला जाऊन सांगा. रागावेल, पण अंधारात तर राहणार नाही.

पहिल्या महिन्यात धाकट्याने हप्ता पाचऐवजी चार तारखेलाच दिला. ताई स्वतः आली होती. तिने पैसे मोजून घेतले आणि पावती लिहिली. नाव, रक्कम, तारीख, वेळेवर मिळाले. धाकट्याने ती पावती माझ्या काचेवर ठेवली. मूळ कागद फायलीत राहील, म्हणाला, आणि प्रत खिशात. आज त्याच्या नावावर चांगलं म्हणावं असं तेवढं एकच पान आहे. मी ते मला जमेल तितकं स्वच्छ काढलं.